एका सौम्य सिगारचे मूल्यमापन

मी धूम्रपान करणारा मनुष्य नव्हे, हे आरंभीच नमूद केलेले बरे; कारण पुढील मजकुराचा विषय सिगार हा आहे, आणि सरकारी नोकराने अशा विषयावर लिहिताना आपली स्थिती आधी स्पष्ट करावी हे उचित. एम.ए.च्या वर्षांत परीक्षेच्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर मित्रांच्या सिगारेटींचे चार-दोन झुरके घेतले असतील, तेवढेच. त्यानंतर तीसहून अधिक वर्षे मी धुरापासून दूर राहिलो. तरीही २०२५ च्या जानेवारीत, दिल्लीतील माझ्या सरकारी निवासस्थानाच्या गच्चीवर बसून, मी तीन सिगारना गुण दिले. त्यांतील एकीला अत्यंत चुकीचे दिले, आणि त्या चुकीने मला वीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेल्या एका कागदापाशी नेऊन उभे केले. लिहायचे आहे ते त्या कागदाविषयी. पण तिकडे जाणारी वाट सिगारवरूनच जाते.

मसुरीच्या अकादमीत फाउंडेशन कोर्सच्या वेळी माझा खोलीसोबती असलेला एक इंदूरकर मराठी मित्र पुढे विदेश सेवेत गेला. नोकरीची बरीच वर्षे त्याने लॅटिन अमेरिकेतील देशांत काढली आणि निवृत्तीनंतर दिल्लीतच घर केले. परदेशी राहून कोणी चित्रांचा शौक घेऊन येतो, कोणी मद्यांचा; हा सिगारचा घेऊन आला. ओढतो फार थोडी, महिन्याला एखादी. पण तिच्याविषयी बोलतो मात्र आपल्याकडे गाण्याचे जाणकार ठुमरीविषयी बोलतात तसा. त्या संध्याकाळी तो एक लाकडी पेटी, एक कटर आणि छापील तक्ता घेऊन हजर झाला. "एकट्याने ओढली की बायको त्याला व्यसन म्हणते. समोर कागद-पेन घेऊन कोणी बसला की अभ्यास म्हणता येतं," हे त्याचे स्पष्टीकरण. परदेशाहून परतताना २०१६ च्या बॅगेज नियमांत बसतील अशा पंचवीसच सिगार आणल्या होत्या, हेही त्याने न विचारता सांगितले. जन्मभराची सवय. मीही मनातल्या मनात १९६४ च्या आचरण नियमांतील तेरावा नियम आठवून पाहिला. प्रासंगिक जेवण, कोणी गाडीतून सोडणे आणि इतर सामाजिक आतिथ्य यांना तेथे भेटवस्तू समजलेले नाही. तीन सिगारचा एकेक तृतीयांश हे सामाजिक आतिथ्यच, असा निर्णय मी माझ्या अधिकारात घेतला.

तिन्हींवरचे कागदी पट्टे मित्राने आधीच काढून ठेवले होते. नाव दिसले की जिभेला मत फुटते, असे त्याचे म्हणणे. सिगारच्या जगात पट्टे काढून चव घेण्याची ही रीत मान्यताप्राप्त आहे. न्यूयॉर्कहून १९९२ पासून निघणाऱ्या 'सिगार अफिशनाडो' या मासिकाचे परीक्षक अशाच आंधळ्या पद्धतीने शंभरपैकी गुण देतात. दर्शनी रूप व बांधणी, ओढली जाण्याचे गुण, चव आणि एकूण ठसा अशा अंगांनी ते तिच्याकडे पाहतात. गंमत म्हणजे तेथेही ऐंशी ते एकोणनव्वद गुणांच्या वर्गाच्या नावात 'व्हेरी गुड' आहे आणि नव्वदच्या पुढे 'आउटस्टँडिंग'. आमच्या गोपनीय अहवालांचीच भाषा.

पहिली सिगार मी उचलली ती गडद, जवळजवळ काळपट पानाची. ती निकाराग्वाची होती हे नंतर कळले. पहिल्या झुरक्यालाच मिरी, भाजलेली कॉफी, ओल्या मातीचा दर्प, सारे एकदम तोंडात आले. डोळ्यांत पाणी आले. आणि मी प्रभावित झालो. एक्याण्णव गुण. दुसरा आपल्याच देशातला, तिरुचिरापल्लीचा चिरूट होता. 'चिरूट' हा मराठी शब्द आणि इंग्रजी 'चेरूट' हे दोन्ही तमिळ 'सुरुट्टु' पासून आलेले; सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेले. एके काळी हा त्रिचनापल्लीचा चिरूट लंडनच्या माणसांनाही ओळखीचा होता, इतका की १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' मध्ये शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून तो ओळखतो. आता हा व्यवसाय पुष्कळच आटला आहे. माझ्या हातातला जरा वाकडा होता, एका बाजूने भराभर जळत होता, पण त्याच्या तिखटपणाला एक प्रामाणिक खेडवळपणा होता. ब्याऐंशी.

तिसरी फिकट सोनेरी पानाची, देखणी. मी चार झुरके घेतले आणि तक्त्यावर लिहिले: 'माइल्ड. विशेष काही नाही.' गुण एकाहत्तर.

मित्राने तक्ता पाहिला, हसला आणि पट्टे समोर ठेवले. तिसरी होती डोमिनिकन प्रजासत्ताकात बनणारी माकानुडो कॅफे. सौम्य सिगारचा नमुना म्हणून जगभर जिचे नाव प्रथम घेतले जाते त्यांपैकी ती एक. "तुझी जीभ चुकली नाही," तो म्हणाला, "क्रम चुकला. मी मुद्दाम सांगितलं नाही. चव घेणारा नेहमी सौम्याकडून कडककडे जातो. निकाराग्वानंतर हिला हात लावलास, म्हणजे ढोल-ताशांनंतर सतार ऐकलीस आणि ऐकू येत नाही म्हणून सतारीचे गुण कापलेस."

मला हे पटायला वेळ लागला नाही, आणि त्याला एक घरगुती कारण आहे. माझे आजोळ निपाणीकडचे. तंबाखूचा व्यवहार मी लहानपणी फार जवळून पाहिला. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली त्या भागातील तंबाखू उत्पादकांनी भावासाठी केलेले आंदोलन आणि त्यात झालेला गोळीबार ही मला आठवणारी पहिली सार्वजनिक घटना. मी तेव्हा शाळेत होतो. त्या आधीच्या सुट्ट्यांत आजोबांबरोबर मी वखारीत जाई. आजोबांनी वर्षभर राबून आणलेल्या मालाची चिमूट व्यापारी तळहातावर चोळी, नाकाशी नेई आणि एका शब्दात निकाल देई. 'कडक' म्हटले की आजोबांचा चेहरा उजळे. 'मऊ' म्हटले की परतीच्या वाटेवर बैलगाडीत कोणी बोलत नसे. त्या एका शब्दामागे कोणते मोजमाप होते हे कोणी विचारीत नसे, आणि विचारले असते तरी सांगितले गेले नसते.

आपल्या भाषेतही हा शब्द बघा. चहा कडक हवा, इस्त्री कडक हवी, मास्तर कडक हवा आणि साहेब तर कडकच हवा. 'मऊ' हा मात्र आपल्याकडे जवळजवळ दोष आहे; मऊ लागले की माणसे कोपराने खणू लागतात. मी त्याच वखारीत तयार झालेले नाक घेऊन दिल्लीच्या गच्चीवर बसलो होतो.

पुढच्या रविवारी मित्राने ठेवून दिलेली दुसरी माकानुडो मी एकट्याने ओढली. सकाळचे अकरा, पोटात पोहे, समोर पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. दिल्लीचे ते कोवळे ऊन. ह्या वेळी मित्राने फोनवरून सांगितलेला क्रम मी निष्ठेने पाळला.

सिगारमध्ये तीन भाग असतात: आतला गाभा, त्याला धरून ठेवणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत बाहेरचे, दिसणारे पान. माकानुडोचे बाहेरचे पान 'कनेक्टिकट शेड' जातीचे. अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात एकोणिसावे शतक संपता संपता शेतकऱ्यांनी तंबाखूच्या शेतांवर पातळ कापडाचे मांडव घालायला सुरुवात केली. मांडवाखाली ऊन गाळून येते, हवेत दमटपणा टिकतो, आणि पान रुंद, पातळ, रेशमी होते. शिरा बारीक राहतात. इक्वेडोरमध्ये हेच काम आकाशातले ढग फुकट करतात, म्हणून तेथेही हे पान पिकते. उन्हात रापलेले पान जाड, तेलकट, तिखट. सावलीत वाढलेले नाजूक. सावलीत वाढलेल्याला आपण कमी लेखतो, हाही आपल्या नाकाचाच दोष म्हणायचा.

प्रथम न पेटवता पाहायचे. बोटांनी हलके दाबत टोकापासून टोकापर्यंत जायचे. कोठे पोकळ लागले तर तेथे ती भडकणार, कोठे गाठ लागली तर तेथे धूर अडणार. माझ्या हातातली सर्वत्र एकसारखी होती. वास सुकलेल्या कडब्याचा, किंचित देवदारासारख्या लाकडाचा. मग टोक कापायचे, पण टोपीच्या रेषेच्या वरच, नाहीतर बाहेरचे पान उलगडते. पेटवताना ज्योत टेकवायची नाही. दुरून फिरवत टोक शेकायचे. पेट्रोलचा लायटर वर्ज्य, कारण पहिले पाच झुरके पेट्रोलचेच लागतात. मी लांब काडी वापरली आणि गंधक जळून जाईपर्यंत थांबलो.

आणि मग मुख्य नियम: धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात धरायचा, जिभेवरून फिरू द्यायचा, सोडायचा, थोडासा नाकावाटे. झुरका मिनिटाला सुमारे एक. घाई केली की सिगार तापते आणि तापलेली प्रत्येक सिगार कडूच लागते. हा नियम मी पहिल्या संध्याकाळी मोडला होता. चव आली नाही म्हणून भराभर ओढत गेलो, आणि त्यामुळे उरलीसुरलीही घालवली.

पहिली दहा मिनिटे फारसे काही घडले नाही, हे कबूल करतो. दुधावरच्या सायीसारखा एक गुळगुळीतपणा तेवढा जाणवला. मग हळूहळू भाजलेला पाव, मग ओल्या शेंगदाण्याची गोडी, आणि नाकावाटे सोडलेल्या धुरात पांढऱ्या मिरीची अगदी बारीक चुणूक. मधल्या तृतीयांशात लाकडाचा गंध पुढे आला आणि त्यामागे जायफळ घातलेल्या कॉफीसारखे काहीतरी. राख फिकट करडी, घट्ट, इंचभर लांब होईपर्यंत न ढळणारी. जळणारी कड सरळ, कंपासने आखल्यासारखी. तिखटाचा मारा कोठेच नव्हता, म्हणून एका चवीतून दुसरी केव्हा निघाली हे लक्ष देऊनच कळत होते. शेवटच्या तृतीयांशात थोडा कडवटपणा आला, तो यायचाच. ओढून झालेल्या धुराचा अंश उरलेल्या तंबाखूत साचत जातो. दोन इंच राहिल्यावर मी ती ठेवून दिली. पन्नास मिनिटे झाली होती.

मित्राने फोनवर सांगितलेली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जोर, भरदारपणा आणि चव ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जोर म्हणजे निकोटिन, ते डोक्याला कळते. भरदारपणा म्हणजे तोंडात धुराचे वजन. चव म्हणजे चव. नवखा माणूस पहिल्या दोहोंनाच तिसरी समजतो. शिवाय कडक सिगारमध्ये कच्चे राहिलेले पान खपून जाऊ शकते. तंबाखूची पाने रचून आंबवताना त्यांतला अमोनिया निघून जावा लागतो. तो पुरता गेला नसेल तर सौम्य सिगारमध्ये ते दुसऱ्या झुरक्याला कळते. सौम्यतेला लपायला जागा नसते. एवढे निर्दोष पान पिकवून, आंबवून, वळून दाखवणे हे अधिक अवघड काम आहे. मी तक्ता नव्याने भरला आणि अठ्ठ्याऐंशी गुण दिले. कमी दिले ते शेवटच्या कडवटपणाचे.

येथे एक खुलासा. 'सौम्य' हा चवीचा शब्द आहे, प्रकृतीचा नव्हे. सिगारचा धूर न गिळताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरते, आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग सिगारचे नाव विचारून येत नाही. माझी काही वर्षे विशाखापट्टणमला गेली. त्या किनाऱ्यावर पेटलेले टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्या वृद्ध स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यात होणाऱ्या टाळूच्या कर्करोगाविषयी तेथील डॉक्टरांकडून ऐकले आहे. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारात, अकराव्या अनुच्छेदात, वेष्टनावर दिशाभूल करू शकणाऱ्या शब्दांची उदाहरणे दिली आहेत. त्यांत 'लाइट' आहे आणि 'माइल्ड'ही आहे. दोन सिगारनंतर माझा हा अभ्यास संपला. घरच्या पडद्यांना आठवडाभर वास येत होता आणि त्याविषयीचे गृहखात्याचे अभिप्राय पुरेसे स्पष्ट होते.

पण 'माइल्ड' हा शब्द डोक्यातून जाईना. पहिल्या तक्त्यावर माझ्याच अक्षरात तो लिहिलेला होता, आणि हा शब्द ह्याच तुच्छतेने आपण पूर्वी कोठेतरी लिहिला आहे असे सारखे वाटत राहिले. दोन दिवसांनी आठवले.

२००४-०५ साली मी दक्षिणेतील एका किनारी शहरात, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात संचालक होतो. वय सदतीस, अंगात जोर. हाताखाली दोन उपसंचालक होते, दोघेही माझ्याहून वयाने मोठे, खालून बढती घेत आलेले. एक तडफदार. अचानक तपासण्या, वर्तमानपत्रांत छायाचित्रे, बैठकीत सर्वांच्या आधी बोलणे. दुसरे तिरुचिरापल्लीचे, उरैयूर भागातले, जेथे घराघरांतून चिरूट वळले जात. त्यांच्याकडे निर्यातदारांच्या दाव्यांची शाखा होती. ते हळू बोलत, विचारल्याशिवाय बोलत नसत, आणि त्यांच्या शाखेविषयी माझ्याकडे कधी काही येत नसे; ना तक्रार, ना प्रशंसा. मला वाटे, त्या शाखेत कामच नाही.

वर्षअखेर दोघांचे गोपनीय अहवाल मी एकाच दिवशी लिहिले. तडफदारांचा आधी. तो 'आउटस्टँडिंग'. त्याच ओघात दुसऱ्यांचा घेतला आणि इंग्रजीत लिहिले की हे सौम्य प्रवृत्तीचे, मितभाषी अधिकारी आहेत, पुढाकाराचा अभाव आहे. श्रेणी 'गुड'. त्या काळी हाती असलेल्या अहवालात वाईट काही नसेल तर तो संबंधितास दाखवीत नसत, आणि 'गुड' म्हणजे काही वाईट नव्हे. फक्त वरच्या पदाच्या निवडीसाठी किमान श्रेणी 'व्हेरी गुड' होती. म्हणजे 'चांगला' हा शेरा माणसाला बाद करीत होता आणि त्याला ते कळतही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या प्रकरणात, मे २००८ मध्ये, नेमके ह्याच विसंगतीवर बोट ठेवले. सीमा रस्ते संघटनेतील त्या अभियंत्याची बढती १९९३-९४ च्या एका 'गुड' शेऱ्यामुळे हुकली होती. प्रत्येक शेरा संबंधितास कळवला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्या वर्षी तसे आदेश निघाले. अहवालाचे नाव बदलले, श्रेणींच्या जागी एक ते दहा असे गुण आले.

एप्रिल २०१० च्या आदेशाने जुने, किमान श्रेणीखालचे शेरेही निवड समितीपुढे जाण्याआधी कळवण्यात येऊ लागले. त्यानुसार माझ्या तिरुचीच्या उपसंचालकांना माझा शेरा पाच वर्षांनी दिसला. त्यांनी निवेदन दिले आणि नियमाप्रमाणे ते माझ्या अभिप्रायासाठी आले. मी तेव्हा दुसऱ्या राज्यात होतो. निवेदन अर्ध्या पानाचे होते. त्यात आपल्या शाखेत त्या वर्षी महिन्याहून जुना एकही दावा प्रलंबित नव्हता, एवढीच वस्तुस्थिती त्यांनी मांडली होती. मला ती खरी आहे हे ठाऊक होते. कारण २००५ मध्ये त्यांची बदली झाल्यावर चार महिन्यांत त्याच शाखेविषयीचे फोन माझ्या टेबलावर वाजू लागले होते, आणि निर्यातदारांची शिष्टमंडळे येऊ लागली होती. तडफदार अधिकाऱ्यांनी केलेली बरीच प्रकरणे अपिलांत टिकली नाहीत, हेही तोवर कळले होते. इतके सारे माहीत असूनही मी लिहिले: 'शेरा त्या वेळच्या निरीक्षणावर आधारित आहे. बदलाची शिफारस नाही.' का लिहिले? आपलाच शेरा खोडायचा तर पाच वर्षांपूर्वी आपण नीट पाहिले नव्हते हे कागदावर मान्य करावे लागते. दुसरे कारण नाही.

ते २०१७ मध्ये उपसंचालक म्हणूनच निवृत्त झाले.

अर्थशास्त्रात फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. काहींचा दर्जा विकत घेण्याआधी पाहून कळतो, काहींचा अनुभव घेतल्यावरच. तीन वर्षांनी डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला: अनुभव घेऊनही ज्यांचा दर्जा कळत नाही, अशा. सिगार दुसऱ्या प्रकारची. अधिकारी बहुधा तिसऱ्या प्रकारात मोडतो, कारण त्याच्या कामाचा उत्तम परिणाम म्हणजे पुष्कळदा काहीच न घडणे. सिगारचे परीक्षक निदान पट्टे तरी काढतात, आणि सौम्यापासून सुरुवात करतात. आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात कामाच्या निष्पत्तीला चाळीस टक्के, व्यक्तिगत गुणांना तीस आणि कार्यक्षमतेला तीस टक्के भार आहे. नऊ-दहा गुण विरळाच द्यावेत आणि दिल्यास कारण लिहावे असे मार्गदर्शनही आहे. अहवाल कोणत्या क्रमाने लिहावेत हे मात्र कोठेही सांगितलेले नाही.

त्या वर्षी माझ्याकडे लिहायला पाच अहवाल होते. अहवाल लिहिणाऱ्याची मुदत तीस जून. त्यांतील एक केरळच्या बाई, अत्यंत कमी बोलणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या कामगिरीविषयी चार ओळी लिहिल्या होत्या, जिथे इतरांनी दोन-दोन पाने भरली होती. मी त्यांचा अहवाल सर्वांत आधी घेतला. लिहिण्यापूर्वी तीन संध्याकाळी त्यांच्या वर्षभराच्या फायली काढून वाचल्या. त्यांनी वर पाठवलेल्या टिपणांत मला फारशी दुरुस्ती का करावी लागत नव्हती, ते तेव्हा लक्षात आले. वर्षभर मी त्यावर नुसत्या सह्या करीत होतो आणि काम सोपे आहे असे समजत होतो. गुण किती दिले ते येथे लिहिणे योग्य नव्हे. बाकीचे चार अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहिले.

जुलैच्या पहिल्या रविवारी जुन्या सहकाऱ्यांकडून क्रमांक मिळवून मी तिरुचीला फोन लावला. त्यांनी आवाज ओळखला. प्रकृती, मुले, पाऊस, कावेरीचे पाणी असे सारे विचारून झाल्यावर मी विषय काढला. २०१० मध्ये मी काय लिहिले ते सांगितले, आणि ते चुकीचे होते हेही सांगितले. इंग्रजीत ते दोन वाक्यांत संपले. पंधरा वर्षांच्या मानाने फारच थोडक्यात. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"सर, ते निवेदन अर्ध्या पानाचंच होतं ना?" ते म्हणाले. "माझी मुलगी सांगत होती, अप्पा, चार पानं लिहा."

मला उत्तर सुचले नाही. मग विषय बदलावा म्हणून मी मूर्खासारखी त्यांच्या गावच्या चिरुटाची हकीकत सांगितली. ते मोकळेपणाने हसले. त्यांचे वडील चिरूट वळत, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. तीन वर्षे एकाच मजल्यावर काम करून कळले नव्हते. "वडील म्हणत, बाहेरचं पान घेताना जोर करायचा नाही. आणि सर, तुम्ही नाही म्हणालात, पण तो वाकडा चिरूट बहुतेक घाईत वळलेला असणार."

फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी एकच चौकशी केली. दाव्यांच्या शाखेत त्यांनी एक नोंदवही सुरू केली होती, प्रत्येक दावा कोणत्या टेबलावर किती दिवस थांबला त्याची. आता सारे संगणकावर गेले असेल, पण ती वही कोणी जपून ठेवली आहे का? अशी वही होती हेच मला माहीत नव्हते. चौकशी करून कळवतो, असे मी म्हणालो.